पोर्चखालचा जुना नळजोड: दुरुस्त करावा की बदलावा?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात: "आमचे रो-हाउस १९८४ सालचे आहे. रस्त्यातील मुख्य वाहिनीपासून अंगणातील हौदापर्यंतची अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन तेव्हाचीच असून तिची लांबी साधारण अठरा मीटर आहे. पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. आले की पहिली पाच-दहा मिनिटे पिवळट आणि कुबट वासाचे असते, नंतर स्वच्छ दिसते. शेजाऱ्यांचा हौद भरून वाहू लागतो तरी आमचा निम्माही भरलेला नसतो. दाब कमी म्हणून आम्ही पूर्वी अंगणात खड्डा करून एक तोटी खाली घेतली आहे, तीही याच लाइनवर आहे. पोर्चच्या कडेला, ड्रेनेजच्या चेंबरजवळ, ब्लॉकच्या सांध्यांतून भर उन्हाळ्यातही हिरवे गवत उगवते. मागे धाकट्या नातवाला कावीळ होऊन गेली. एक प्लंबर म्हणतो, गळती शोधून तेवढाच तुकडा बदलू. दुसरा म्हणतो, लाइनवर मोटार बसवा, पाणीही भरपूर येईल. पोर्चला दोन वर्षांपूर्वीच पेव्हर ब्लॉक बसवले आहेत, ते उखडायला मन होत नाही. दोन महिन्यांनी मुलगी बाळंतपणासाठी येणार आहे. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आधी थेट उत्तर देतो आणि मग कारणांकडे वळतो. लाइनवर मोटार कोणत्याही परिस्थितीत बसवू नये. गळतीपुरता तुकडा बदलण्यातही पैसा घालवू नये. जुनी लाइन मुख्य वाहिनीपाशी कायमची बंद करून, ड्रेनेजच्या चेंबरपासून दूर जाणाऱ्या नव्या मार्गाने नवी लाइन टाकावी. ते काम पूर्ण होऊन पाण्याची तपासणी होईपर्यंत घरातील पाणी दूषित आहे असे समजूनच वागावे.

नळाला चोवीस तास पाणी असते, तर लाइनला पडलेले छिद्र हा मुख्यतः पाणी वाया जाण्याचा प्रश्न ठरला असता, कारण आत सतत दाब असला की पाणी छिद्रातून बाहेरच पडत राहते. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. पाणी सुटलेले असते तेव्हा त्या छिद्रातून ते भोवतालच्या मातीत झिरपते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतील उरलेले पाणी उताराकडे ओसरू लागते, नळाच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा उणा होतो आणि भोवती साचलेले पाणी त्याच छिद्रातून आत खेचले जाते. भोवती नुसती ओली माती असेल तर पाणी गढूळ होण्यावर निभावते. चेंबरमधून पाझरलेले मैलापाणी असेल तर पुढच्या पाळीला सर्वांत आधी तेच आपल्या हौदात पडते. हिरवे गवत एकट्याने फारसे काही सिद्ध करत नाही, कारण ते गळक्या चेंबरवरही तितकेच जोमाने वाढते. मात्र चेंबर गळका असेल आणि त्याच्या शेजारून जाणारा नळही गळका असेल, तर याहून वाईट जोडी दुसरी नाही.

मोटारीचा सल्ला या दृष्टीने अधिकच घातक आहे. थेट लाइनवर बसवलेली मोटार पुरवठा चालू असतानाही नळातील दाब उणा करते. म्हणजे एरवी पुरवठा बंद झाल्यावर जी घाण आत शिरली असती, ती आता ऐन पाणी भरताना शिरणार आणि तीही पंपाच्या ओढीने. शिवाय आपली मोटार शेजाऱ्यांच्या जोडणीतून आणि मुख्य वाहिनीच्या सांध्यांतूनही ओढ घेते, त्यामुळे आपण आपल्या घरापुरते नव्हे तर अख्ख्या गल्लीचे पाणी बिघडवू शकता. नळजोडावर थेट मोटार लावणे नियमबाह्य आहे, पालिका अशा मोटारी जप्त करतात आणि जोड तोडण्याची कारवाईही करतात. हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार वेगळी, तिला कोणाची हरकत नाही.

आता घरातल्या माणसांबद्दल. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मुख्यतः हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई या विषाणूंमुळे होते आणि संसर्गानंतर लक्षणे दिसायला दोन ते सात-आठ आठवडे लागू शकतात. आज पाणी स्वच्छ दिसते आणि आज कोणी आजारी नाही, यावरून काहीच ठरत नाही. नातवाची कावीळ याच नळामुळे झाली असे पत्रावरून म्हणता येणार नाही, पण संशय रास्त आहे. इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातून पसरलेल्या काविळीची जी मोठी साथ आली, ती महाराष्ट्राच्या आरोग्य यंत्रणेला चांगलीच स्मरणात असेल. हिपॅटायटिस ई एरवी बहुतेकांना आपोआप सोडून जातो, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो प्राणावर बेतू शकतो. म्हणून काम वेळेत पूर्ण झाले नाही, तर मुलीच्या पिण्याच्या, स्वयंपाकाच्या आणि दात घासण्याच्याही पाण्याची वेगळी सोय करावी, असे मी आग्रहाने सांगेन. तोवर सर्वांनी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी काही मिनिटे उकळू दिलेले पाणीच प्यावे. आरओ यंत्र बसवून प्रश्न मिटेल असे कोणी सुचवील, पण भाजी, भांडी आणि अंघोळीचे पाणी त्यातून येत नाही.

खड्ड्यातील तोटी आजच काढून तिथे बूच बसवावे. मराठवाड्यात दाब कमी म्हणून अशी तोटी खाली घेण्याची पद्धत घरोघरी आहे आणि ती अतिशय वाईट आहे. खड्ड्यात सांडपाणी आणि पावसाचे पाणी साचते, पुरवठा बंद होताना तोटी उघडी राहिली तर ते सगळे नळात ओढले जाते. त्यासाठी भूमिगत छिद्राचीही गरज लागत नाही. कदाचित आपल्या घरच्या दूषित पाण्याचा मोठा वाटा या खड्ड्याचाच असेल.

खोदाईला हात घालण्यापूर्वी दोष आपल्या लाइनचाच आहे ना, हे पडताळून घ्यावे, कारण पत्रातील एक गोष्ट मला खटकते. अर्ध्या इंची, अठरा मीटर लांबीच्या नळाच्या पोटात जेमतेम साडेतीन-चार लिटर पाणी मावते. कितीही संथ आले तरी एवढे पाणी मिनिट-दोन मिनिटांत निघून जायला हवे. मग पाच-दहा मिनिटे पिवळट पाणी कशाचे? एक तर आपल्या नळात साचलेला गंज सुटून येत असावा, नाहीतर मुख्य वाहिनीतूनच किंवा एखाद्या भलत्याच जोडणीतून घाण येत असावी. याचा निकाल लावायला महागडे साधन लागत नाही. पुढच्या पाळीला शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे आणि पाणी सुटताच, पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी, दोन्ही घरांत एकाच वेळी काचेच्या स्वच्छ बाटल्या भरून ओळीने मांडाव्यात. आपला नमुना हौदात पडण्यापूर्वी, थेट नळातून घ्यावा. शेजाऱ्यांचे पाणी पहिल्या क्षणापासून नितळ आणि आपलेच पिवळट असेल तर दोष आपल्या लाइनमध्ये आहे. दोन्हीकडे सारखाच गढूळपणा असेल तर तो मुख्य वाहिनीचा प्रश्न आहे. अशा वेळी विभागीय कार्यालयात दोन्ही घरांनी मिळून लेखी तक्रार द्यावी. तरीही आपली लाइन बदलण्याची गरज संपत नाही, फक्त तेवढ्याने पाणी शुद्ध होईल ही अपेक्षा सोडावी लागेल.

रंगापेक्षा क्लोरीन अधिक खरे बोलते. क्लोरीन मोजणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचा लहानसा संच मिळतो, आरोग्य सेवकांकडेही तो असतो. पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग चढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतका मुक्त क्लोरीन उरलेला असावा. शेजाऱ्यांच्या नळाला रंग चढतो आणि त्याच वेळी आपल्या नळाला चढत नाही, असे आढळले तर आपल्या लाइनमधील घाण क्लोरीन खाऊन टाकत आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. सोबत पाण्याचे दोन नमुने, एक थेट नळाचा आणि एक हौदाचा, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत जिवाणू तपासणीसाठी द्यावेत. बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू एकही नसावा, अशी मानकाची अट आहे. नळाचा नमुना चांगला आणि हौदाचा वाईट आला, तर आपण पोर्च खोदायला निघालात आणि दोष हौदात होता, असे होईल. म्हणून दोन नमुने.

गळतीची खात्री करायची तर पाणी चालू असताना हौदाशी असलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा. कंपाउंडजवळ मीटर असेल आणि तरीही त्याचा काटा फिरत असेल, तर मीटर ते हौद या टप्प्यात गळती आहे. मीटर नसेल तर रात्रीच्या किंवा पहाटेच्या शांततेत लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक नळाच्या उघड्या भागावर टेकवून त्याची मूठ कानाला लावावी, वाहत्या गळतीची सूं अशी आवाजाची रेघ स्पष्ट ऐकू येते. जुने प्लंबर हेच करतात.

"तेवढाच तुकडा बदलू" हे ऐकायला स्वस्त वाटते. परंतु जीआय नळाचा गंज एका जागी लागून थांबत नाही. नळावरील जस्ताचा थर झिजला की उघडे पडलेले लोखंड ठिकठिकाणी खाल्ले जाऊ लागते. फूट आधी सांध्याशी दिसते इतकेच, कारण आटे पाडताना तिथली भिंत आधीच पातळ झालेली असते. पितळी फेरूल (मुख्य वाहिनीतून नळजोड घेण्यासाठी तिच्यावर बसवलेला तुकडा) किंवा पितळी कॉक जिथे लोखंडी निपलला, म्हणजे आटे पाडलेल्या आखूड नळीला, जोडलेला असतो, तिथे दोन धातूंच्या संगतीने गंजाचा वेग आणखी वाढतो. त्यात आपल्याकडची काळी माती ओल धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन्ही वेळा नळाच्या सांध्यांना हिसके देते. आतल्या बाजूने पाहिले तर नळ काही तास भरलेला आणि मग काही दिवस ओलसर हवेने भरलेला, ही गंजासाठी आदर्श स्थिती आहे. चाळीस वर्षे हे सोसलेल्या नळाला जोड देण्यासाठी प्लंबर पाना लावतो, तेव्हा दहा फुटांवरचा दुसरा सांधा पिळवटतो आणि पुढची गळती तिथे सुरू होते.

हौद निम्माही न भरण्याचे कारणही बहुधा हेच आहे. गळतीने जाते त्याहून अधिक पाणी गंजाच्या गाठींनी अडलेले असावे. नळाचा आतला व्यास अर्धा झाला की त्याच दाबाखाली प्रवाह अर्धा होत नाही, तो साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो आणि खडबडीतपणामुळे त्याहूनही खाली. शेजाऱ्यांकडे वीस लिटरची बादली किती वेळात भरते आणि आपल्याकडे किती, हे एकदा घड्याळ लावून पाहिले की मोटारीचा मोह आपोआप कमी होईल. दाब मुख्य वाहिनीत आहेच, तो आपल्या नळातून येऊ शकत नाही.

मुख्य वाहिनीवरील फेरूलपासून घरापर्यंतच्या लाइनची देखभाल आणि खर्च बहुतेक नगरपालिका-महापालिकांच्या नियमांत नळधारकाकडेच असतो. मात्र मुख्य वाहिनीला छिद्र पाडणे, फेरूल बसवणे किंवा बंद करणे हे काम पालिकेच्या परवानगीने आणि परवानाधारक प्लंबरकडूनच व्हावे लागते, रस्ता खोदायचा तर त्याचीही वेगळी परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क लागते. अर्ज देण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. आपल्या शहरात नव्या पाणीपुरवठा योजनेच्या वाहिन्या टाकण्याचे काम चालू आहे. आपल्या गल्लीत नवी वाहिनी पडली असेल किंवा लवकरच पडणार असेल, तर नवा जोड तिच्यावरच मागावा, नाहीतर वर्षभरात पुन्हा तोच रस्ता आणि तोच पोर्च खोदण्याची वेळ येईल. नवी वाहिनी अजून दूर असेल तर तिची वाट पाहत बसू नये. कंपाउंडच्या आतली लाइन आत्ताच बदलून कंपाउंडपाशी एका छोट्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह देऊन ठेवावा, म्हणजे पुढे फक्त रस्त्याकडची बाजू बदलावी लागेल.

जुनी लाइन कुठे बंद करायची याबद्दल काटेकोर राहावे. प्लंबर हौदापाशी बूच मारून मोकळे होतात. तसे केले तर मुख्य वाहिनीला लागलेला अठरा मीटरचा सडका नळ जमिनीखाली जिवंतच राहतो आणि दर पाळीला घाण ओढून मुख्य वाहिनीत सोडत राहतो. जुना फेरूल मुख्य वाहिनीवरच बंद झाला पाहिजे आणि तो बंद होताना आपण स्वतः उभे राहून पाहिला पाहिजे.

नव्या लाइनसाठी मी जमिनीखाली एचडीपीई किंवा एमडीपीई (पॉलिथिलीन प्लास्टिकचा) नळ सुचवीन. एचडीपीई घेतल्यास त्यावर भारतीय मानक ४९८४ ची छाप असावी, पिण्याच्या पाण्याच्या काळ्या नळावर निळ्या रेघा असतात. हा नळ गुंडाळीत मिळतो. त्यामुळे कंपाउंडपासून हौदापर्यंत जमिनीखाली एकही सांधा न ठेवता एकसलग टाकता येतो आणि याच्यासारखा दुसरा फायदा नाही. त्याचा आकार बाहेरील व्यासाने मोजतात, म्हणून अर्ध्या इंची जोडाला २० मिलिमीटरचा नळ येतो. एवढ्या लांबीसाठी २५ मिलिमीटरचा घ्यावा, मात्र फेरूलचा आकार मंजुरीप्रमाणेच राहील. शेतीच्या दुकानात किलोवर मिळणारा काळा पाइप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तो कशापासून बनवला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पीव्हीसी चालतो, पण काळ्या मातीत त्याचे चिकटवलेले सांधे तडकतात. जिथे नळ जमिनीतून वर येतो, म्हणजे मीटरशी आणि हौदाशी, तिथे मात्र ऊन आणि धक्के सोसण्यासाठी निळ्या पट्ट्याचा, मध्यम वर्गाचा जीआय तुकडा लावावा. पिवळ्या पट्ट्याचा हलका असतो, तो नको.

पेव्हर ब्लॉकची चिंता करू नये. फरशी किंवा काँक्रीट असते तर फोडावे लागले असते, ब्लॉक मात्र उचलता येतात आणि तेच परत बसवता येतात. उचलताना खडूने ओळींचे क्रमांक घालून, रचून ठेवायला सांगावे. परत बसवण्यापूर्वी चर थरथराने, पाणी मारून धुम्मस केला नाही, तर पहिल्या पावसात त्या रेषेत ब्लॉक खचतील. ही घाई जवळपास प्रत्येक ठेकेदार करतो.

मार्ग ठरवताना पहिला विचार ड्रेनेजचा करावा. मुख्य वाहिन्यांमध्ये मैलावाहिनीपासून तीन मीटर अंतर ठेवण्याचा जो संकेत आहे, तो रो-हाउसच्या अंगणात पाळता येणार नाही हे मान्य आहे. पण दोन्ही नळ एकाच चरात शेजारी शेजारी टाकू नयेत, एवढे नक्की पाळता येते. चेंबर ज्या भिंतीलगत आहेत तिच्या समोरच्या भिंतीलगत पाण्याचा नळ न्यावा. कुठे ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडावे, पाण्याचा नळ वर आणि ड्रेनेजचा खाली ठेवावा, दोहोंत निदान ३० सेंटिमीटर अंतर असावे आणि त्या जागी सांधा येऊ देऊ नये. नळ चेंबरच्या आतून आरपार नेण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. तो कोणी सुचवला तर त्या माणसाला काम देऊ नये.

चराची खोली अंगणात निदान ६० सेंटिमीटर आणि गाडी उभी राहते तिथे ७५ ते ९० सेंटिमीटर ठेवावी. तळाशी आणि नळाच्या वर दहा-दहा सेंटिमीटर वाळू घालावी. मुरुमातील टोकदार खडे नळाला टेकता कामा नयेत आणि उकरलेली काळी माती थेट नळावर लोटू नये. पोर्चखालच्या भागात नळ ५० किंवा ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी आवरणातून न्यावा. पुढे कधी बदलायची वेळ आली तर न खोदता आतला नळ ओढून काढता येईल, आणि या आवरणाचा खर्च एकूण खर्चात जाणवतही नाही. प्लास्टिकचा नळ जमिनीखाली यंत्राने सापडत नाही, म्हणून त्याच्या जोडीने एक तांब्याची तार टाकावी, किंवा निदान चर बुजवण्यापूर्वी मोजपट्टी लावून छायाचित्रे घ्यावीत आणि घराच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरे कागदावर लिहून ठेवावीत. ज्या शहरात मलिक अंबराने सतराव्या शतकात पाण्यासाठी बांधलेल्या भूमिगत नहरींचा माग आजही काढता येतो, तिथे १९८४ सालचा नळ कुठून गेला हे घरमालकाला सांगता येऊ नये, हे काही बरे नाही.

हौदाशी एक गोष्ट तपासावी. आवाज होऊ नये म्हणून आत येणारा नळ अनेक घरांत हौदाच्या तळापर्यंत नेलेला असतो. पुरवठा बंद होताच हौदातील पाणी त्या नळातून उलटे मुख्य वाहिनीकडे ओढले जाते. नळाचे तोंड हौद तुडुंब भरल्यावरच्या पातळीच्याही वर मोकळे असावे. त्याच ठिकाणी, हौदापूर्वी, एक तिहेरी जोड देऊन बाहेर सोडणारी तोटी ठेवावी, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे पाळीच्या सुरुवातीचे पाणी झाडांना सोडता येईल. हौदाचे झाकणही जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच हवे. हौद भरून व्हॉल्व्ह आणि मोटार बंद ठेवून पातळीची खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पातळी उतरली तर हौद गळतो, चढली तर प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण बाहेरचे पाणी आत येत आहे.

लाइन बुजवण्याआधी तिची दाब चाचणी घ्यावी. प्लंबरकडे हातपंप आणि दाबमापक असतो. दोन्ही टोके बंद करून सहा किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्यावा आणि तासाभरात काटा खाली येत नाही ना, हे पाहावे. नंतर निर्जंतुकीकरण. ताज्या, बंद पाकिटातील ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण २५ टक्के क्लोरीन धरला, तर दहा लिटर पाण्याला दोन ग्रॅम पावडर पुरे होते. ती कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणी नळात भरून २४ तास ठेवावे. हौद घासून धुतल्यावर त्यालाही हेच प्रमाण, म्हणजे हजार लिटरला २०० ग्रॅम. हे पाणी पिऊ नये, झाडांना घालू नये, सगळे सोडून द्यावे आणि नव्या पाण्याने दोनदा धुवावे. मग प्रयोगशाळेत पुन्हा तेच दोन नमुने द्यावेत.

पुढची देखभाल फारशी नाही. सहा महिन्यांतून एकदा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून उघडावा, नाहीतर गरज पडेल तेव्हा तो हलणार नाही. पावसाळ्यापूर्वी ड्रेनेजची चेंबरे साफ करून घ्यावीत, कारण तुंबलेल्या चेंबरमधून मैलापाणी भोवतालच्या मातीत पसरते. महिन्यातून एकदा ओटी चाचणी केली तर बिघाड रोग होण्याआधी कळेल.

खर्चाचा अंदाज घेताना निदान दोन प्लंबरांकडून लेखी दर मागवावेत. नळ, खोदाई, वाळू, ब्लॉक परत बसवणे आणि पालिकेचे शुल्क या बाबी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. एकूण रकमेत नळाची किंमत लहान आणि खोदाईची मोठी असते, म्हणून नळाच्या दर्जात काटकसर करण्याला अर्थ नाही. आपल्या ओळीतील घरे एकाच काळात बांधलेली असल्याने शेजाऱ्यांचे नळही आपल्याइतकेच जुने असतील. त्यांच्याशी बोलून रस्त्याची खोदाई एकत्र केली तर परवानगी, मजूर आणि डागडुजी यांचा खर्च वाटला जाईल. शेवटचा हप्ता, एकूण रकमेच्या पाव हिश्श्याइतका, दाब चाचणी आपल्यासमोर झाल्यावर, जुना फेरूल बंद झाल्यावर आणि ब्लॉक जागेवर बसल्यावरच द्यावा, आणि ही अट काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर आणावी.